आपली बॅच सध्या काय करते?

फ्लेक्सवर झळकतो तो एक. बाकीच्यांचं काय झालं, हे ना कॉलेजला ठाऊक, ना आपल्याला. आणि तरीही पुढची तीन-चार वर्षं कशात घालवायची, हे आपण त्या एका फ्लेक्सकडे बघून ठरवतो!

पुंडलिकनगरच्या रस्त्यानं गजानन महाराज मंदिराकडं निघालात की वर्षातून दोन-चारदा तरी तो फ्लेक्स दिसतोच. ‘अभिनंदन! अभिनंदन! अभिनंदन!’ मधे खाकी वर्दीतला एक पोरगा, खाली शुभेच्छुकांचे तीस-चाळीस चेहरे. परवा टपरीवर चहा पिताना शेजारच्या दोघांचं बोलणं कानावर पडलं.

‘‘हा आपल्याच बॅचचा ना रे?’’

‘‘हो ना. मागच्या बाकावर बसायचा. लेक्चरला यायचाच नाही.’’

‘‘आणि तू काय करायलास सध्या?’’

‘‘काही नाही. तयारी चालू आहे.’’

पुढं दोघंही गप्प. एकानं चहाचे पैसे दिले, दुसरा मोबाइलमधे घुसला. ‘तयारी चालू आहे’ हे आपल्या भागातलं सगळ्यात जास्त बोललं जाणारं वाक्य असेल. त्या वाक्याच्या आत काय काय असतं, ते कुणी विचारत नाही. कारण विचारणाऱ्याचीही तयारीच चालू असते.

त्या रात्री मी एक उद्योग केला. आमच्या पदवीच्या वर्गाचा जुना व्हॉट्सअॅप ग्रुप उघडला. ६४ मेंबर. वहीत सगळ्यांची नावं लिहिली आणि पुढं ‘सध्या काय’ असा रकाना केला. स्टेटस, लग्नपत्रिका, कुणाकडून ऐकलेलं, सगळं आठवून भरलं. रकाना भरला फक्त १९ जणांचा. तीन वर्षं एका वर्गात बसलेल्या ४५ जणांचं पुढं काय झालं, मला माहीतच नाही. तुम्हीही करून बघा. तुमचा आकडा याहून फार वेगळा येईल असं वाटत नाही.

बातमी कुणाची होते?

बॅचमेटची बातमी आपल्यापर्यंत तीनच वेळा येते. सिलेक्शन झालं की, लग्न ठरलं की, आणि काही वाईट घडलं की. मधलं सगळं आयुष्य बातमीत बसत नाही. वाळूजला कंत्राटावर लागलेला, गावाकडं जाऊन शेती आणि कृषी सेवा केंद्र बघणारा, पुण्यात डिलिव्हरी करत रात्री अभ्यास करणारा, लग्न होऊन सासरी गेलेली... यांचे फ्लेक्स लागत नाहीत.

मग होतं काय, तर आपल्या डोळ्यांसमोर फक्त पोहोचलेले राहतात. आपल्याला वाटतं, ‘मागच्या बाकावरचा झाला, तर मी का नाही?’ प्रश्न चुकीचा नाही. पण त्याच्यासोबत त्याच परीक्षेला बसलेले बाकीचे कुठं आहेत, हा प्रश्न आपण विचारत नाही.

आकडे बघू. २०२४ च्या पोलीस भरतीत राज्यात १७,४७१ जागा होत्या आणि अर्ज आले होते साधारण १७ लाख ७६ हजार. म्हणजे एका जागेमागे शंभरावर अर्ज. एकाच उमेदवाराचे एकापेक्षा जास्त अर्ज असू शकतात, हे धरलं तरी चित्र फार बदलत नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत जागा साडेचार हजारांच्या आसपास, अर्ज दहा लाखांच्या वर. फ्लेक्स शंभरातल्या एकाचा लागतो. उरलेले नव्याण्णव पुन्हा रूमवर येतात, मेसचा डबा लावतात आणि पुढच्या जाहिरातीची वाट बघतात.

यात मेहनत कमी पडली असं सरसकट म्हणता येत नाही. जागाच एक असेल तर नव्याण्णव जण कितीही पळाले तरी बाहेरच राहणार. हे साधं गणित आहे. पण फ्लेक्स ते गणित सांगत नाही. फ्लेक्स फक्त उत्तर सांगतो.

शिकलेलेच जास्त बेकार कसे?

आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी २०२४ मध्ये भारतातल्या रोजगारावर एक अहवाल काढला. त्यानुसार २०२२ मध्ये पदवीधर तरुणांमध्ये बेरोजगारीचा दर २९.१ टक्के होता. आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा तरुणांमध्ये? ३.४ टक्के.

पहिल्यांदा वाचलं की धक्का बसतो. शिकून उपयोग काय, असंही वाटतं. पण जरा थांबा. ज्याच्या घरी आज काम केल्याशिवाय उद्या चूल पेटत नाही, तो बेकार राहूच शकत नाही. मिळेल ते, मिळेल त्या पैशात करतो. पदवीधर मात्र थांबू शकतो, कारण घरचे त्याला थांबू देतात. बाप उसाचे, कापसाचे पैसे पाठवतो, आई भिशी मोडते. म्हणजे ‘बेरोजगार’ या शब्दात काम न मिळणं आहे, तसंच मनासारखं काम मिळेपर्यंत थांबणंही आहे.

क्रेग जेफ्री नावाच्या अभ्यासकानं उत्तर प्रदेशातल्या मेरठच्या अशा थांबलेल्या पोरांवर २०१० मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. नाव काय ठेवलं? ‘टाइमपास’! ती पोरं स्वतःच स्वतःबद्दल तो शब्द वापरायची. आपल्याकडं त्याला ‘तयारी’ म्हणतात. तयारी खरीही असते, हे मान्य. पण पाचव्या वर्षी ती तयारी आहे की बाहेर पडायची भीती, हे ओळखायला आरसा लागतो. तो आरसा म्हणजे आपली बॅच. आपल्यासारखाच घरातून आलेला, तेवढेच मार्क असलेला एखादा जण वेगळ्या वाटेनं गेला आणि त्याचं बरं चाललंय, हे कळलं तरच आपल्यालाही दुसरी वाट दिसते. आणि नेमकी तीच बातमी आपल्यापर्यंत येत नाही.

कॉलेजला तरी माहीत आहे का?

कागदोपत्री असायला हवं. ‘नॅक’च्या मूल्यांकनात विद्यार्थ्यांची पुढची वाटचाल आणि माजी विद्यार्थ्यांचा सहभाग यांना गुण असतात. केंद्र सरकारच्या ‘एनआयआरएफ’ क्रमवारीत २०१६ पासून पदवीनंतर काय झालं, यावर गुण आहेत. किती जण पास झाले, किती जणांना नोकरी लागली, किती जण पुढं शिकायला गेले आणि नोकरी लागलेल्यांचा मधला पगार किती, हे भाग घेणाऱ्या संस्थेला द्यावं लागतं. आणि ही भरून दिलेली माहिती संस्थेला स्वतःच्या वेबसाइटवर ठेवावी लागते. तुमचं कॉलेज क्रमवारीत भाग घेत असेल, तर तिथं जाऊन शोधा. अॅडमिशनच्या माहितीपत्रकापेक्षा जास्त कळेल.

फक्त वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. ‘मधला पगार’ हा नोकरी लागलेल्यांपुरताच असतो. समजा वर्गात १०० जण होते आणि २० जणांना नोकरी लागली. त्या २० जणांचे पगार चढत्या क्रमानं लावले आणि मधला घेतला. तो तीन लाख निघाला, तर ‘आमच्याकडे तीन लाखांचं पॅकेज’ असं माहितीपत्रकात छापता येतं. उरलेले ८० त्या आकड्यात कुठंच नाहीत. म्हणून पगाराच्या आधी बघायचा आकडा एकच : शंभरातले किती?

दुसरी अडचण म्हणजे ही मोजणी निकालाच्या आसपासच थांबते. पहिल्या कंत्राटाचे अकरा महिने संपल्यावर काय झालं, ते त्यात येत नाही. ब्रिटनमध्ये ‘ग्रॅज्युएट आउटकम्स’ नावाचं सर्वेक्षण होतं. पदवी संपल्यावर साधारण १५ महिन्यांनी प्रत्येकाला गाठून विचारतात. नुसतं ‘पगार किती’ नाही, तर सध्याचं काम तुम्हाला अर्थपूर्ण वाटतं का, तुमच्या पुढच्या बेतात ते बसतं का, आणि शिकलेलं त्यात वापरलं जातं का, हेही. आपल्याकडं कॉलेज सोडताना टीसी मिळते, नंतर पदवी प्रमाणपत्र मिळतं आणि पुढं आठवण येते ती थेट ‘नॅक’ची समिती यायच्या आधी. अचानक एक गूगल फॉर्म येतो आणि ‘माजी विद्यार्थी मेळावा’ ठरतो!

पंच्याऐंशी वर्षांची हजेरी

एका कॉलेजनं मात्र हे फार चिकाटीनं केलं. अमेरिकेच्या हार्वर्डमध्ये १९३८ मध्ये एक अभ्यास सुरू झाला. २६८ विद्यार्थी निवडले आणि त्यांचं पुढं काय होतं, हे बघत राहायचं ठरवलं. दर काही वर्षांनी प्रश्नावली, तब्येतीच्या नोंदी, मुलाखती. त्यातले काही दुसऱ्या महायुद्धावर गेले, काही डॉक्टर-वकील झाले, काही दारूत बुडाले. जॉन एफ. केनेडी या त्यांच्यातल्याच एकानं अमेरिकेचं राष्ट्राध्यक्षपद गाठलं. पुढं बॉस्टनच्या गरीब वस्त्यांमधल्या ४५६ मुलांचा अभ्यासही याला जोडला गेला. तो आता पंच्याऐंशी वर्षांहून जास्त चाललाय आणि पुढच्या पिढीपर्यंत गेलाय.

निष्कर्ष काय निघाला? पन्नाशीत ज्यांची माणसांशी नाती चांगली होती, ते ऐंशीच्या घरातही जास्त ठणठणीत राहिले. कोलेस्टेरॉलच्या आकड्यापेक्षा नात्यांवरून पुढच्या तब्येतीचा अंदाज जास्त चांगला यायचा, असं या अभ्यासाचे सध्याचे प्रमुख रॉबर्ट वॉल्डिंगर सांगतात.

आता यातल्या मर्यादाही बघू. मूळ २६८ जण सगळे पुरुष, सगळे गोरे आणि तेही हार्वर्डचे. त्यांच्या निष्कर्षावरून पुंडलिकनगरच्या रूमवरच्या पोरानं ‘दोस्ती आहे ना, मग नोकरीचं काय एवढं’ असं म्हणू नये. पोट भरलेलं असलं की नात्यांचं महत्त्व कळायला सोपं जातं. पण एक गोष्ट इथंही लागू पडते. त्या अभ्यासात कुणालाही एका वयात ‘पास’ किंवा ‘नापास’ ठरवलं नाही. पंचविशीत भरकटलेले पन्नाशीत सावरलेले दिसले आणि उलटही दिसलं. आपण मात्र बाविसाव्या वर्षी निकाल लावून मोकळे होतो.

आपल्याच शहरातल्या दोन बॅचा

लांब कशाला, आपल्या शहरातलीच उदाहरणं घ्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत १९५० मध्ये इथं कॉलेज सुरू केलं, तेच आजचं मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून, घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणारी पोरं नागसेनवनात आली. त्यांच्या घरी कुणालाच ठाऊक नव्हतं, की पदवीनंतर काय करायचं असतं. मग त्यांनी एकमेकांनाच विचारलं. याच परिसरात प्राध्यापक असलेल्या डॉ. गंगाधर पानतावणे यांनी १९६० च्या दशकात ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक उभं केलं, त्याचे लेखक-वाचक मेळावे भरायचे. कोण काय लिहितोय, कुठं आहे, कशाशी झगडतोय, हे त्यातून कळत राहिलं. आजच्या भाषेत सांगायचं तर ते नेटवर्कच होतं. फरक एवढाच, की तिथं जाताना सेल्फीच्या आधी काहीतरी लिहून न्यावं लागायचं.

दुसरं उदाहरण ‘जिगीषा’चं. तेव्हाच्या औरंगाबादमधल्या नाटकवेड्या तरुण मित्रांनी उभी केलेली ही संस्था. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी, प्रतीक्षा लोणकर ही नावं तुम्हाला माहीत असतील. ही मंडळी पुढं मुंबईला गेली. १९९१ मध्ये दळवींनी लिहिलेलं आणि कुलकर्णींनी दिग्दर्शित केलेलं ‘चारचौघी’ आलं, गाजलं आणि २०२२ मध्ये पुन्हा नव्यानं रंगमंचावर आलं. शहर सुटलं, पण गट सुटला नाही. मुंबईत एकट्यानं टिकणं आणि ओळखीच्या चार जणांसोबत टिकणं यात काय फरक असतो, ते पुण्यात रूम शोधलेल्या कुणालाही विचारा.

दोन्ही उदाहरणं पोहोचलेल्यांचीच आहेत, हे कबूल. मीच वर फ्लेक्सला नावं ठेवली आणि आता तेच करतोय, असं कुणी म्हणेल. पण इथं बघायचं ते त्यांचं यश नाही. पदवी झाल्यावरही ते एकमेकांच्या संपर्कात राहिले आणि एकमेकांच्या उपयोगी पडले, ते बघायचं.

‘लेफ्ट’ झालेल्या मुली

त्या ६४ जणांच्या यादीत ज्या ४५ जणांचं मला काहीच माहीत नव्हतं, त्यात २८ मुली निघाल्या. कारण सोपं आहे. लग्न झालं, नंबर बदलला, आडनाव बदललं, आणि ग्रुपवर करड्या अक्षरांत ‘लेफ्ट’ अशी एक ओळ आली. आपण ती वाचून खाली स्क्रोल केलं.

वर्गात पहिल्या पाचात चार मुली असायच्या. मग त्या गेल्या कुठं? केंद्राच्या २०२३-२४ च्या श्रमशक्ती सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या महिलांपैकी ४१.७ टक्के काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या होत्या. पण शहरी महिलांपुरतं बघितलं तर हा आकडा २८ टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणजे शहरात दहातल्या सात जणी मोजणीतही नाहीत. यात शिकणाऱ्या मुली आणि म्हाताऱ्या बायाही येतात, हे खरं. पण आपल्या वर्गातल्या हुशार मुलीही येतात.

वर्षभरापूर्वी वर्गातल्या एका मैत्रिणीचा अचानक मेसेज आला होता. ‘बीएड सीईटीचा फॉर्म कधी निघतो रे? तिकडच्या ग्रुपवर असेल ना?’ ती जालना जिल्ह्यातल्या एका गावात आहे, लहान मुलगी आहे. तिला फॉर्मची तारीख सांगणारं तिथं कुणी नव्हतं. ग्रुप सुटला की गप्पा सुटतात, तशी माहितीही सुटते. मी तिला लिंक पाठवली, दोन मिनिटांचं काम होतं. ती दोन मिनिटं मागायला तिला किती दिवस धीर गोळा करावा लागला, हे तिनं नंतर सांगितलं.

मग उपयोग काय?

मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये एक मजेशीर गोष्ट मांडली. माणसाला नोकरीची बातमी जिगरी दोस्तांपेक्षा तुरळक भेटणाऱ्या ओळखीच्या माणसांकडून जास्त मिळते. का? जिगरी दोस्त आपल्याच रूमवर असतो, त्याला तेच माहीत असतं जे आपल्याला. लांबचा ओळखीचा वेगळ्या जगात वावरतो. ‘मागच्या बाकावरचा’ बॅचमेट म्हणजे हीच ओळख!

आपल्या शहरात सध्या याचा अर्थ फार ठोस आहे. ‘ऑरिक’मध्ये, म्हणजे शेंद्रा-बिडकीन पट्ट्यात, मोठमोठ्या घोषणा झाल्यात. टोयोटा किर्लोस्करनं जुलै २०२४ मध्ये साधारण २० हजार कोटींचा सामंजस्य करार केला. एथर एनर्जीनंही त्याच वर्षी इथल्या प्रकल्पाची घोषणा केली. बातमीत कोटी दिसतात. पण तिथं बीकॉम, बीएस्सीवाल्याला कोणतं काम मिळेल, कंपनीच्या रोलवर की कंत्राटदाराकडं, हातात किती पडतात, नाइट शिफ्टनंतर गाडी कुठपर्यंत सोडते, हे कोण सांगणार? वाळूज किंवा शेंद्र्यात आधीपासून काम करणारा बॅचमेट.

तसंच सरकारच्या ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजने’चं. २०२४ मध्ये आली तेव्हा पदवीधराला महिना १० हजार, मुदत सहा महिने. नंतर मुदत वाढली. मुदत संपल्यावर पुढं काय, म्हणून या प्रशिक्षणार्थींनी आंदोलनंही केली. ही योजना घ्यावी का, हा प्रश्न जाहिरातीला विचारून उपयोग नाही. जी त्यातून बाहेर पडली तिला विचारा : तिथं काम शिकवलं की नुसत्या फायली उचलायला लावल्या?

हे करून बघा

एक : वर्गाची यादी काढा. आत्ता, कॉलेजमध्ये असतानाच. नाव, गाव, स्वतःचा नंबर आणि घरचा एक नंबर. मुलींनी ठरवायचं, कोणता नंबर द्यायचा आणि कुणी सांभाळायचा.

दोन : पदवीनंतर १५ महिन्यांनी प्रत्येकाला फोन करायचा. एकानं दहा जणांना केला तर सात जणांत सगळा वर्ग होतो. तीन प्रश्न : सध्या काय करतोस? त्यात शिकलेलं काही वापरतोस का? मागे वळून बघितलं तर काय वेगळं केलं असतंस?

तीन : ‘सेटल झालास का?’ हा प्रश्न विचारायचा नाही. त्याला खरं उत्तर मिळत नाही. मिळतं ते ‘तयारी चालू आहे’.

चार : जमलेलं सगळं नावं काढून पुढच्या वर्षाच्या पोरांना द्यायचं. पन्नास-साठ ओळींचा एक कागद. सिलेक्शन किती, कंत्राटी किती, शेतीत किती, घरी किती. त्यांनी काय करायचं ते त्यांचं ते ठरवतील. निदान शंभरातले किती, हे बघून ठरवतील.

मी माझी ४५ नावं घेऊन बसलोय. आतापर्यंत १२ फोन झाले. दोघांनी उचलला नाही. एक जण म्हणाला, ‘‘पैसे मागायला फोन केलास का?’’ बिडकीनजवळ पोल्ट्री टाकलेला एक जण तासभर बोलला, आणि स्पर्धा परीक्षा सोडल्याचं दोन वर्षांत पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं म्हणाला. फोन ठेवताना त्यानं विचारलं, ‘‘आणि तू काय करायलास?’’

यावेळी मीही ‘तयारी चालू आहे’ म्हणालो नाही. जे आहे ते सांगितलं.

उरले ३३.